ओखी, देवगड आणि अडुसष्ट नौका

२ डिसेंबर २०१७, शनिवार. अरबी समुद्रात ओखी चक्रीवादळ घोंघावत होतं. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती होती, म्हणजे मार्गशीर्षातली पौर्णिमा आणि तिच्याबरोबर येणारं मोठं उधाण. त्या दिवशी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की केरळच्या ६६ आणि तामिळनाडूच्या २ अशा ६८ मासेमारी नौका सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या आहेत आणि त्यांवर ९५२ मच्छीमार आहेत. यातल्या बहुतेक देवगड बंदरात होत्या. हिशेब केला तर नौकेमागे बरोबर चौदा माणसं पडतात. खोल समुद्रात दोन-तीन आठवडे काढणाऱ्या नौकेवर साधारण इतकीच माणसं असतात.

याच ओखी वादळात दक्षिणेकडचे तीनशेहून अधिक मच्छीमार मेले किंवा बेपत्ता झाले. देवगडला पोचलेले ९५२ जण कसे वाचले आणि कन्याकुमारीजवळचे का वाचले नाहीत, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की खवळलेल्या समुद्रातल्या मासेमारीबद्दल बरंच काही उलगडतं. कोकणातल्या बोटवाल्यांनी हे प्रकरण नीट अभ्यासावं असं मला फार वाटतं, कारण उद्या ती ६८ नावं आपल्याच नौकांची असू शकतात.

नौका कोणत्या, माणसं कोण

कन्याकुमारी जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, केरळच्या सीमेला लागून तूत्तूर, चिन्नतुरै, वल्लविळै, पूत्तुरै, नीरोडी अशी एकाला एक चिकटलेली आठ गावं आहेत. ही माणसं भारतातल्या सर्वांत धाडसी खोल समुद्रातल्या मासेमारांपैकी आहेत. मुशी आणि कुप्यासारख्या मोठ्या माशांसाठी ती गळांच्या लांब दोऱ्या सोडतात, तरंगती जाळी टाकतात. मासे जिथे मिळतील तिथे, अगदी गुजरातपर्यंत वर जातात. बऱ्याच नौकांची नोंदणी केरळात असते आणि त्या कोचीसारख्या बंदरातून सुटतात. त्यामुळे सरकारी यादीत नौका केरळची आणि तिच्यावरची माणसं तामिळनाडूची, असा प्रकार सर्रास असतो. ओखीनंतर कोण कुठला, कोणत्या राज्यानं कोणाला शोधायचं, यात जो घोळ झाला त्याचं एक मूळ इथे आहे.

आपला छोट्या गिलनेटवाला (पाण्यात उभी सोडलेली जाळी वापरणारा) सकाळी जातो आणि संध्याकाळी परततो. त्याचा समुद्र पंधरा-वीस वाव (वाव म्हणजे सहा फूट) पाण्यातला. तूत्तूरच्या माणसाचा समुद्र मात्र तळ लागत नाही तिथला. बर्फ, डिझेल, तांदूळ, पिण्याचं पाणी भरून एकदा सुटला की पंधरा दिवस, कधी महिना-दीड महिना त्याला जमीन दिसत नाही. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवर संपते. व्हीएचएफ वायरलेस आहे, पण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालत नाहीत. छोट्या संचावरून शेजारच्या नौकेशी बोलता येतं, किनाऱ्याशी नाही. खोल समुद्रात बातमी पोचते ती एका नौकेनं दुसरीला सांगितली, दुसरीनं तिसरीला, अशी. मधली एक कडी तुटली की पलीकडचे सगळे अंधारात.

बावटा कोणाला दिसतो

ओखीचा वेग हे या प्रकरणातलं पहिलं सत्य. नैर्ऋत्य बंगालच्या उपसागरात श्रीलंकेजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. २९ नोव्हेंबरला ते अधिक तीव्र कमी दाबाच्या क्षेत्रात, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत ‘डिप्रेशन’मध्ये बदललं आणि ३० नोव्हेंबरला सकाळी साडेआठपर्यंत कन्याकुमारीजवळच्या समुद्रात चक्रीवादळ झालं होतं. कमी दाबापासून चक्रीवादळापर्यंत बाकीची वादळं जो वेळ घेतात, तो ओखीनं घेतलाच नाही. तेही किनाऱ्याच्या इतकं जवळ, की तोंड फिरवून बंदर गाठायलाही उसंत नव्हती. नाव बांगलादेशानं दिलेलं, बंगालीत अर्थ ‘डोळा’.

हवामान खात्यानं २९ तारखेला मच्छीमारांना दक्षिण तामिळनाडूच्या समुद्रात न जाण्याचा सल्ला दिला होता. ‘चक्रीवादळ’ हा शब्द असलेला इशारा मात्र ३० तारखेला दुपारी बाराच्या सुमारास मिळाला, असं केरळ सरकारचं म्हणणं होतं. केंद्र आणि राज्य यांच्यात यावरून बराच वाद झाला आणि संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीनं २०१८ मध्ये ओखीवर स्वतंत्र अहवालही दिला. इशारा सकाळी आला की दुपारी, या वादाला अर्थ आहे, कारण सकाळी सुटणाऱ्या छोट्या होड्यांचे जीव त्या काही तासांवर अवलंबून होते. तरी माझ्या मते खरा दोष त्याहून खोल आहे.

आपल्या बंदरांवर तीन नंबरचा बावटा लागतो. तो पाहून कोणी समुद्रात जात नाही. ही पद्धत जुनी आहे आणि उपयोगीही आहे. पण बावटा किनाऱ्यावरच्या माणसाला दिसतो. ‘समुद्रात जाऊ नका’ हे वाक्य जो अजून गेलेला नाही त्याच्यासाठी आहे. जो दहा दिवसांपूर्वी गेला त्याच्यासाठी त्या वाक्यात काहीच नाही. त्याला हवं असतं ते वेगळं: वादळ आत्ता कुठे आहे, कोणत्या दिशेनं येतंय, मी कुठल्या बाजूला निसटू? २०१७ मध्ये हे सांगणारी यंत्रणा खोल समुद्रातल्या नौकांपर्यंत पोचत नव्हती. म्हणून ज्यांना कळलं त्यांना शेजारच्या नौकेकडून कळलं, आणि बाकीच्यांना वारा आणि पाणी बघून.

पाणी आधी सांगतं. वादळातून सुटलेली लाट वादळाच्या पुढे धावते. दोन लाटांमध्ये चौदा सेकंदांचं अंतर असलेल्या लांब, गोल पाठीच्या लाटांचा तांडा खोल पाण्यात ताशी सुमारे ३९ किलोमीटर वेगानं पुढे सरकतो. ओखीनं २९ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर या काळात साधारण अडीच हजार किलोमीटर अंतर कापलं, म्हणजे सरासरी ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास. सातशे किलोमीटर दूर असलेल्या नौकेला लाटेचा निरोप अठरा तासांत मिळतो, वादळ स्वतः यायला जवळजवळ दोन दिवस लागतात. वारा नाही, आभाळ अजून उघडं आहे, आणि तरी नौका सावकाश, उंच उंच वर-खाली होऊ लागली की अनुभवी तांडेल, म्हणजे नौका हाकणारा म्होरक्या, जाळं ओढायला सांगतो. ही खूण यंत्रांच्या आधीपासूनची आहे. पण ती दूरच्यालाच उपयोगी पडते. वादळ ज्याच्या बगलेतच जन्मलं, त्याला लाट आणि वारा एकदमच भेटले.

घराकडे की वर?

सगळं प्रकरण या एका निर्णयावर फिरतं.

आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. ओखी कन्याकुमारीपासून वायव्येकडे, लक्षद्वीपच्या दिशेनं निघालं. वादळ ज्या दिशेनं चाललंय तिकडे तोंड करून उभं राहिलं, तर उजव्या हाताचा अर्धा भाग अधिक घातक असतो, कारण तिथे फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकमेकांत मिसळतात. ओखीच्या बाबतीत हा उजवा भाग म्हणजे केरळचा किनारा आणि वादळ यांच्यामधला समुद्र. नेमक्या त्याच पट्ट्यात छोट्या होड्या होत्या.

त्या पट्ट्यात वारा आग्नेयेकडून येत होता. आता तांडेलाच्या जागी उभं राहून बघा. घर आहे पूर्वेला किंवा आग्नेयेला. म्हणजे घराकडे नाळ (नौकेचं पुढचं टोक) वळवली की वारा आणि लाट थेट तोंडावर. प्रत्येक लाटेवर नौका चढते, पलीकडे आदळते, पुढे सरकत जवळजवळ नाहीच. डिझेल जळतं, सांधे उघडतात, नाळेवरून पाणी आत येतं. उलट नाळ वायव्येला ठेवली तर वारा पाठीशी, पण तिकडेच वादळही चाललंय. उत्तरेला, किनारा उजव्या अंगाला ठेवून वर गेलं, तर वारा मागून तिरका मिळतो आणि वादळाच्या वाटेतून बाजूलाही होता येतं. घर मात्र दर तासाला लांब जातं.

जुन्या दर्यावर्दींचा एक नियम इथे कामी येतो: वाऱ्याला पाठ करून उभं राहायचं आणि डावा हात पसरायचा, वादळाचं केंद्र साधारण त्या बाजूला. यंत्र नको, वायरलेस नको. दर तासाला हे केलं आणि वाऱ्याची दिशा कशी बदलते ते लक्षात ठेवलं, की वादळ कुठून कुठे चाललंय याचा अंदाज बांधता येतो. वारा दिशा न बदलता वाढतच चालला, तर आपण त्याच्या वाटेवर उभे आहोत. आपल्याकडे किती खलाशांना हा नियम शिकवला जातो? मासेमारी प्रशिक्षणात इंजिन आणि जाळी असतात, त्यांच्याबरोबर हेही तोंडपाठ करून घ्यायला हवं.

देवगडला आलेल्या नौकांबद्दल एक अनुमान मी नकाशावरून काढतो. कन्याकुमारीपासून देवगड समुद्रमार्गे साधारण साडेपाचशे सागरी मैल. सात नॉटच्या, म्हणजे ताशी सात सागरी मैलांच्या चालीनं, शांत समुद्रातसुद्धा, तीन दिवसांहून अधिक लागतील. चक्रीवादळ झालं ३० तारखेच्या सकाळी आणि नौका सुखरूप असल्याचं जाहीर झालं २ तारखेला. दोन दिवसांत सात नॉटनं ३३६ मैल होतात, म्हणजे फार तर कोळिकोडच्या समोरच्या समुद्रापासून. खवळलेल्या पाण्यात ती चालही मिळत नाही. तेव्हा या नौका बहुधा मंगळूर ते गोवा या पट्ट्याच्या समोर, खोल पाण्यात मासे मारत होत्या. वादळ त्यांच्या खाली, दक्षिणेला होतं. त्यांच्याकडे एक-दीड दिवस होता आणि तो त्यांनी वाया घालवला नाही.

वाचलेल्यांच्या कौशल्याला यानं उणेपणा येत नाही. पण मेलेल्यांच्या कौशल्याबद्दल कोणी शंका घेऊ नये, म्हणून हा हिशेब मांडला. कन्याकुमारीजवळच्या नौकांवर तितकेच तरबेज तांडेल होते. त्यांना वेळ मिळाला नाही. त्यांच्यातले काही लक्षद्वीपच्या बेटांपर्यंत वाहत गेले आणि तिथे वाचले. बाकीच्यांच्या नौका उलटल्या.

मागून येणारी लाट

वारा पाठीशी घेऊन पळणं सोपं वाटतं. तसं ते नाही. समोरून येणारी लाट दिसते, मागून येणारी दिसत नाही. लाटेच्या उतारावर नौका धावत सुटते, नाळ पुढच्या लाटेच्या पायथ्याशी रुतते, मागची लाट पिछाडी उचलून बाजूला फेकते आणि क्षणात नौका लाटेला आडवी होते. सुकाणू त्या घडीला धरत नाही, कारण पिछाडीच हवेत असते. आडव्या झालेल्या नौकेवर पुढची लाट पडली की ती उलटते. लाकडी असो की पोलादी, सगळ्यांचं मरण असंच असतं.

म्हणून इंजिनाचा वेग लाटेच्या वेगापेक्षा कमी ठेवायचा, लाट आपल्या खालून निघून जाऊ द्यायची. पिछाडीवरून जाड दोर किंवा जाळ्याचा भार पाण्यात सोडायचा, म्हणजे तो ओढ धरून नौका सरळ ठेवतो. बर्फाच्या कप्प्यांची झाकणं घट्ट बांधायची. डेकवरचं सैल सामान, पिंपं, जाळी खाली न्यायची किंवा टाकून द्यायची. जाळं टाकून देणं म्हणजे लाखांचं नुकसान, आणि नाखवा, म्हणजे नौकेचा मालक, किनाऱ्यावर बसलेला असतो. हा निर्णय खलाशाच्या पोटावर येतो. तरी तो घ्यावा लागतो.

आणि डिझेल. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ बसलेला असतो. समुद्र शांत असेपर्यंत तो तळाशीच राहतो. नौका ढवळली गेली की गाळ वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं, तेही नेमकं वादळात. इंजिन बंद म्हणजे नौका आडवी. जादा फिल्टर जवळ ठेवणं आणि हेलकावणाऱ्या इंजिनखोलीत अंधारात तो बदलता येणं, यानं जितके जीव वाचतात तितके मोठ्या यंत्रांनी वाचत नसतील. हंगामाआधी टाकी धुऊन घेण्याची सवय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे, याची मला खंत वाटते.

किनारा दिसला म्हणजे वाचलो नाही

कोकणचा किनारा खडकाळ आहे. जांभ्याचे कडे समुद्रात घुसलेले, मध्ये पुळणी, मध्ये खाड्या. खोल समुद्रात लांब लाट नौकेला नुसती उचलते आणि ठेवते. तीच लाट उथळ पाण्यात आली की तळाला घासते, उभी राहते आणि फुटते. डोंगराच्या टोकाशी लाटा वळून एकवटतात, म्हणून टोकावर समुद्र सर्वांत जास्त फुटतो. कड्यावर आपटून परतलेली लाट येणाऱ्या लाटेला भिडते आणि पाणी सरळ वर उसळतं, तिथे नौकेला धरायला दिशाच उरत नाही. शहाणा तांडेल म्हणून वादळात किनाऱ्यापासून चार मैल लांब राहतो.

खाडी दिसली की आत घुसावंसं वाटतं. पण बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा साचलेला असतो. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असताना समुद्राची लाट समोरून आली, तर त्या पट्ट्यावर ती जागच्या जागी उभी राहून कोसळते. त्यात दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरांचा फरक आणि ओहोटीची ओढ नेहमीपेक्षा जास्त. अशा वेळी खाडीत शिरायचं तर चढत्या भरतीत, दिवसाउजेडी. रात्री पोचलो तर बाहेर खोल पाण्यात नाळ लाटेकडे धरून सकाळची वाट बघायची. दिवे दिसत असताना बाहेर थांबायचं, ही परीक्षा समुद्रापेक्षा मनाची असते.

देवगडचं वेगळेपण इथे आहे. किल्ला असलेला डोंगर समुद्रात पुढे येऊन बंदराच्या तोंडाच्या दक्षिण अंगाला आडवा पडला आहे. नैर्ऋत्येची लाट त्याच्या बाहेरच्या अंगावर फुटते आणि आत पाणी त्या मानानं निवांत राहतं. ब्रिटिशांच्या काळातल्या गॅझेटिअरनंही हे बंदर जमिनीनं वेढलेलं, बारा महिने शांत आणि सरासरी अठरा फूट खोल असल्याची नोंद केली आहे. किल्ल्यावरचं दीपगृह लांबून दिसतं. देवगडचा हापूस सगळ्यांना ठाऊक आहे, पण पश्चिम किनाऱ्यावरच्या खलाशाला देवगड आठवतं ते या आडोशासाठी. दर ऑगस्टमध्ये मासेमारी बंदी उठली आणि समुद्र पुन्हा उसळला की गुजरात, कर्नाटकच्या नौका इथे येऊन नांगर टाकतात. दूरवर मासे मारणाऱ्या दक्षिणेच्या तांडेलांनाही हे बंदर माहीत असतं. ओखीत ती माहिती कामी आली.

बंदरात

अठरा फूट म्हणजे तीन वाव. वादळात नांगराचा दोर खोलीच्या निदान सातपट सोडावा लागतो, नाहीतर नांगर रुतण्याऐवजी उपटला जातो. तीन वावांना एकवीस वाव दोर, म्हणजे साधारण ३८ मीटर. त्यात अठरा मीटर लांबीची नौका धरली, तर वारा फिरेल तसं ती ५६ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढणार. एका नौकेला अडीच एकर पाणी. अशा ६८ नौका सुट्या नांगरल्या तर १७० एकर लागतील, आणि बंदरात आधीच स्थानिक नौका असतात. म्हणून नौका एकमेकींना खेटून, दोरांनी बांधून, रांगा करून उभ्या करतात. त्यात जागा वाचते, पण एका नौकेचा नांगर सुटला की ती शेजारणींना घेऊन निघते. टायरांचे अडसर, दर दोन तासांनी दोर तपासणं, प्रत्येक नौकेवर रात्रभर जागा माणूस, हे बंदरात आल्यावरही सुटत नाही.

महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड आणि जिल्हाधिकाऱ्यांना या मच्छीमारांची परतीपर्यंत काळजी घेण्याच्या सूचना दिल्या गेल्या. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. सिंधुदुर्गात परप्रांतीय नौकांबद्दल मोठा राग आहे आणि तो खोटा नाही. बाहेरचे वेगवान ट्रॉलर बारा सागरी मैलांच्या आत येऊन स्थानिकांची जाळी तोडतात, मासे खरवडून नेतात, ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे. ओखीच्या तीनच आठवडे आधी, १० नोव्हेंबर २०१७ ला, केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली होती आणि किनाऱ्यावर तो विषय तापलेला होता. अशा वेळी दक्षिणेच्या ६८ नौका येऊन उभ्या राहिल्या, आणि त्या दिवशी भांडण निघालं नाही. आसरा मागणाऱ्या नौकेला हाकलत नाहीत, हा समुद्राचा रिवाज कायद्याहून जुना आहे. शिवाय कोकणाला फयान आठवत होतं. ११ नोव्हेंबर २००९ ला ते वादळ कोकण किनाऱ्याला घासत वर गेलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचे कितीतरी खलाशी परत आले नाहीत. किनाऱ्यावर उभं राहून वाट बघणं म्हणजे काय, हे इथल्या बायकांना कोणी सांगायला नको होतं.

देवगडहून गेलेला एक फोन तिकडच्या गावात चौदा घरांचा श्वास मोकळा करत होता. तूत्तूरच्या पट्ट्यात समुद्रात नेमकं कोण आहे याची पक्की यादी सरकारकडे नव्हती. चर्चच्या धर्मग्रामांनी घरोघर फिरून याद्या केल्या आणि पुढे त्यांचाच आधार घ्यावा लागला. ७ डिसेंबरला हजारो लोक कुळित्तुरै स्थानकात रुळांवर बसले. त्यांची मागणी एकच होती: आमची माणसं शोधा.

ओखी तोवर लक्षद्वीप ओलांडून, २ तारखेला ताशी दीडशे किलोमीटरच्या वर गेलेला जोर हळूहळू गमावत, ईशान्येकडे वळून वर सरकलं होतं. गोव्यात किनाऱ्यावरचे शॅक पाण्यानं मोडले, सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पौर्णिमेच्या उधाणावर लाट चढून पाणी वस्त्यांपर्यंत आलं. ५ तारखेला मुंबईत शाळा बंद होत्या, भर डिसेंबरात पाऊस कोसळत होता. ६ तारखेच्या पहाटे सुरत आणि डहाणूच्या दरम्यान नुसतं कमी दाबाचं क्षेत्र होऊन ते जमिनीवर आलं. म्हणजे नौकांनी ज्या देवगडात आसरा घेतला, त्याच्या समोरूनच मागाहून वादळ गेलं, पण थकून आणि लांबून. आधी येऊन बसण्याचा फायदा हा असा झाला.

नंतर

ओखीनंतर बदल झाले, हे मान्य करायला हवं. वादळ होण्याआधीच, कमी दाबाच्या टप्प्यापासून मच्छीमारांसाठी पुढच्या पाच दिवसांचे इशारे नकाशासह मिळू लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेनं विमानतळ प्राधिकरणाबरोबर ‘जेमिनी’ हे उपकरण आणलं. गगन उपग्रह यंत्रणेवरून संदेश घेऊन ते मोबाइलवर दाखवतं, रेंज नसतानाही. पण ते फक्त ऐकतं, बोलत नाही. इस्रोनं जानेवारी २०२४ मध्ये आणलेला संकटसूचक संच दोन्ही बाजूंनी चालतो: बटण दाबलं की किनाऱ्याला कळतं आणि किनाऱ्यानं ऐकल्याचं खलाशाला कळतं. ‘ऐकलं’ एवढा एक शब्द उलट येणं, ही गोष्ट बुडत्या माणसासाठी किती मोठी आहे ते सांगायला नको. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला एक लाख नौकांवर त्यांचं ठिकाण कळवणारे ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. आपले काही बोटवाले ट्रान्सपॉन्डर बंद करून ठेवतात, कारण आपण कुठे मासे मारतो ते कोणाला कळू नये असं त्यांना वाटतं. त्यांनी कन्याकुमारीची ती यादी एकदा वाचावी, ही माझी कळकळीची विनंती.

बंदरांचं काय? मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं, तेव्हा याच देवगडात, आनंदवाडीला नांगरलेल्या नौकांचे दोर तुटले, नौका वाहून जाऊन आपटल्या आणि खलाशांचे जीव गेले. ओखी लांबून गेलं होतं, तौक्ते जवळून गेलं. अठरा फूट निवांत पाणी आणि दक्षिणेला आडवा डोंगर, एवढ्यावर प्रत्येक वादळ निभावत नाही. नौकांची संख्या गॅझेटिअरच्या काळापेक्षा कितीतरी वाढली आहे, इंजिनं मोठी झाली आहेत, पण वादळात नौका बांधायला पक्के खुंट आणि तळात कायमचे गाडलेले जड नांगर हवेत तितके नाहीत. आसऱ्याला येणाऱ्या नौकेनं कुठे उभं राहायचं, रांगेत किती नौका चालतील, रात्री दोर कोण तपासणार, वादळात खलाशांनी नौकेवर थांबायचं की किनाऱ्यावर उतरायचं, हे आधी ठरवून, मराठी, गुजराती, कन्नड, मल्याळम आणि तमिळमध्ये लिहून जेटीवर लावता येईल. त्याला उपग्रह लागत नाही. एक फळा, रंग आणि पाच भाषा जाणणारी पाच माणसं लागतात, आणि ऑगस्टमध्ये देवगडच्या धक्क्यावर ती सगळी एकाच वेळी हजर असतात.